दंडपात्र पालक ते सदस्य पालक : सावनेर परिसराच्या संदर्भात शाळा व कुटुंब यांच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शिक्षणाच्या इतिहासात शाळा, शिक्षक व अभ्यासक्रम यांची नोंद होते. मुलाला शाळेत धाडणाऱ्या कुटुंबाची मात्र क्वचितच होते. नागपूर जिल्ह्यातील सावनेर हा कापूस, संत्री व कोळसा खाणींचा, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील तालुका. हा प्रदेश प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडात, 1950 पासून मध्य प्रदेशात, 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात राहिला. त्यामुळे येथील प्राथमिक शिक्षणाचा वारसा पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा आहे. या वाटचालीत शासनाने पालकाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

1. दंडपात्र पालक

महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्याच निवेदनात शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असेही त्यांनी मांडले. पुढील काळात यांपैकी सक्तीची कल्पना उचलली गेली. शिक्षकाने लोकांत मिसळण्याचा मुद्दा मागे पडला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या 1911 च्या विधेयकात मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. ते विधेयक 1912 मध्ये फेटाळले गेले. परंतु त्यामागील सक्तीचा विचार प्रांतिक कायद्यांतून पुढे आला. मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा 1920 चा आहे. मुलाच्या गैरहजेरीमागे गरिबी आहे की शाळेविषयीचा परकेपणा, हा प्रश्न सक्तीच्या चौकटीत दुय्यमच राहिला.

2. दाता पालक

1937 मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी 'विद्या मंदिर' योजना मांडली. गावकऱ्यांनी जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून गावची शाळा चालावी, असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली होती आणि नयी तालीमचा विचार प्रांतात चर्चिला जात होता. या योजनेने गावाला शाळेचा आधार मानले, हे तिचे महत्त्व होय. तथापि योजनेच्या नावालाच मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. शाळा कोणाची, हे कुटुंबे तिच्या नावावरूनही ठरवितात, हा या वादाचा धडा आहे. 1939 च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा राजकीय आधार गेला. जमीन देणारा शाळेचा दाता झाला. भूमिहीन मजुराकडे मात्र देण्यासारखे काहीच नव्हते.

3. सदस्य पालक

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने जनपद सभा स्थापन झाल्या. पुढे 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यरत झाल्या. शाळा गावात राहिली, निर्णयाचे केंद्र मात्र जिल्ह्याकडे गेले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या काळात ग्रामशिक्षण समितीची कल्पना रुजली. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, तसेच दुर्बल व वंचित घटकांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे, असे कायदा सांगतो. याच कायद्यात मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानले आहे. परंतु त्यासाठी दंड सांगितलेला नाही. 1911 च्या विधेयकाशी तुलना करता हा बदल मूलगामी आहे.

मात्र सदस्यत्व म्हणजे सहभाग नव्हे. कापूस वेचणीच्या हंगामात शाळेच्या वेळेत भरणारी सभा म्हणजे मजूर आईची एका दिवसाची मजुरी बुडणे होय. खाणीत पाळीने काम करणाऱ्या वडिलांची अडचणही अशीच आहे. सभेची वेळ, विषय व भाषा शाळाच ठरवीत असेल, तर पालकाचा सहभाग स्वाक्षरीपुरता उरतो.

4. अंगणात गेलेली शाळा

याच्या उलट दिशेचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला होता. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात भरू लागली. पुढे 1957 मध्ये कार्य कोसबाडला गेल्यावर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर येथे घराच्या उंबरठ्यावर शोधले गेले. फुले यांच्या निवेदनातील दुसरा मुद्दा येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. राज्यात 2022 मध्ये राबविलेल्या शाळापूर्व तयारी अभियानातील माता गटांतही घराला शिक्षणाचे स्थान मानण्याची हीच दृष्टी आढळते.

निष्कर्ष

गेल्या शतकात पालक दंडपात्र, दाता आणि सदस्य या तीन भूमिकांतून गेला. प्रत्येक टप्प्यावर त्याचा दर्जा वाढला; परंतु आपल्या मुलाविषयी काही जाणणारी व्यक्ती म्हणून त्याला क्वचितच विचारले गेले. सावनेरसारख्या शेतमजूर व खाण कामगारांच्या तालुक्यात समितीच्या सभा मजुरीनंतरच्या वेळी व वस्तीवर घेणे, त्यांचे कामकाज पालकांच्या बोलीत चालविणे आणि घरभेटीला शिक्षकाच्या नियमित कामात स्थान देणे, हे उपाय खर्चिक नाहीत. फुले यांनी 1882 मध्ये मागितलेली सक्ती कायद्यात आली. लोकांत मिसळणाऱ्या शिक्षकाची त्यांची मागणी अद्याप पूर्णत्वास जावयाची आहे.