कानापासून आकड्यापर्यंत

१९६३ सालच्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. अक्का तेव्हा चौदा वर्षांची होती आणि मी आठ. साताऱ्याच्या आमच्या घराचा जिना चढताना तिला धाप लागू लागली, तसे वडील तिला घेऊन मिरजेला निघाले. शेपूट म्हणून मीही मागे लागलो. त्या काळी आमच्याकडे दुखणे हाताबाहेर गेले, की ‘मिरजेला न्या’ असेच वडीलधारे म्हणत. त्याला कारणही होते. कॅनडात जन्मलेला विल्यम वॉनलेस हा मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आला आणि १८९४ मध्ये त्याने मिरजेत रुग्णालय उघडले. रेल्वेचे जंक्शन असल्याने लांबलांबचे रोगी तिथे येऊ लागले. १९६२ साली तर गावात वैद्यकीय महाविद्यालयही निघाले.

डॉक्टरांनी अक्काला डाव्या कुशीवर निजवले, छातीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकले. मग वडिलांना विचारले, “लहानपणी हिला ताप येऊन सांधे सुजले होते का?” सुजले होते. सांधेतापाने हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आकसली होती आणि त्या चिंचोळ्या दारातून वाहणाऱ्या रक्ताची घरघर डॉक्टरांच्या कानाने टिपली होती.

परतताना आम्ही तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून आलो. एक म्हातारे कारागीर तारेखाली सुताचा दोरा किंचित सरकवत, डोळे मिटून जवारी लावीत बसले होते. त्यांचा चेहरा थेट डॉक्टरांसारखा! या दोघांचा धंदा एकच असावा, असे माझ्या बालबुद्धीला वाटले, आणि ते अगदीच चूक नव्हते. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, तेव्हापासून हृदयाची विद्या ही मुख्यतः कानाचीच विद्या होती.

पण कानाला एक मर्यादा होती. झडप बिघडली एवढे तो सांगे. ती किती बिघडली, हे नेमके सांगत नसे. १९२५ मध्ये लंडनच्या सूटरने हृदयात बोट घालून अशी झडप मोकळी केली होती आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तशा शस्त्रक्रिया बऱ्याच होऊ लागल्या. आता प्रश्न पडला तो असा की, कापायचे कोणाला आणि राखायचे कोणाला? स्वीडनमधल्या लुंड गावच्या इंगे एडलर या डॉक्टरला हाच प्रश्न छळीत होता. जहाजाच्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरी वापरतात, हे त्याच्या हेल्मुट हर्ट्झ या पदार्थवैज्ञानिक मित्राला ठाऊक होते. १९५३ च्या ऑक्टोबरात दोघांनी त्या लहरी हृदयावर सोडल्या आणि परतलेला प्रतिध्वनी कागदावर उमटवला. आज गावोगाव होणाऱ्या ‘इको’ तपासणीचा जन्म असा झाला.

ती आमच्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला. अक्काची झडप किती आकसली आहे, हे नेमके कोणी सांगू शकेना, आणि शस्त्रक्रियेला वडिलांचा धीर होईना. बाविसाव्या वर्षी अक्का गेली.

हे सारे गेल्या वर्षी पुन्हा आठवले. कोरेगावकडची आमची जमीन जे कसतात, त्यांच्या सुनेला तशीच धाप लागली. तिला घेऊन मी सांगलीला गेलो. तिथल्या इको यंत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता बसवलेली होती. पडद्यावर हृदयाची उघडझाप दिसताच यंत्राने स्वतःच कप्प्याभोवती रेघ ओढली आणि आकडा लिहिला : ६२ टक्के. दर ठोक्याला डावा खालचा कप्पा आपल्यातले किती रक्त बाहेर ढकलतो, त्याचे ते माप.

यंत्राला हे शिकवतात ते मुलाला गिरवायला शिकवावे तसे. तज्ज्ञांनी हाताने मापलेल्या हजारो चित्रफिती त्याला दाखवायच्या, त्याचे उत्तर ताडून पाहायचे आणि चूक सुधारीत न्यायची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० मध्ये असे १०,०३० चित्रफितींचे भांडार प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये लॉस एंजलिसच्या एका रुग्णालयातील परीक्षेचा निकाल छापून आला. पहिले माप कोणाचे, हे हृदयतज्ज्ञांना न सांगता ३,४९५ तपासण्या त्यांच्यापुढे ठेवल्या होत्या. तंत्रज्ञांची २७.२ टक्के मापे त्यांनी लक्षणीय बदलली. यंत्राची फक्त १६.८ टक्के.

६२ हा आकडा उत्तम, म्हणून सूनबाईंच्या घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनीही सोडला नाही. त्यांनी तिला डाव्या कुशीवर वळवले, नळी लावली आणि डोळे मिटले.

“आकडा बरोबर आहे, काका,” त्या म्हणाल्या. “पण तो खालच्या कप्प्याचा. दुखणे वरच्या दाराला आहे.” मग त्यांनी झडपेचे तोंड मोजले. चार ते सहा चौरस सेंटिमीटर असायचे, ते एकच भरले. यंत्र खोटे बोलले नव्हते. विचारले तेवढेच त्याने सांगितले होते. अशी यंत्रे झडपाही ओळखायला शिकत आहेत. पण ती ज्यांच्या हृदयांवरून शिकली, त्या कॅलिफोर्नियातल्या रोग्यांत दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरांतला सांधेताप कितीसा असणार? यंत्राला आमचीही हृदये दाखवायला हवीत.

जपानच्या कांजी इनोउएने १९८२ साली छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची युक्ती काढली. सूनबाईंची झडप तशीच उघडली.

परवा त्या आमच्याकडे दिवाळीचा फराळ घेऊन आल्या. आमच्या जुन्या घराचा जिना त्या न थांबता चढल्या. मी वरच्या पायरीवर उभा राहून ऐकत होतो.