पाच पौंडांची धक्काबुक्की

विमानात बसलो की मी आधी दारापर्यंतच्या रांगा मोजतो. धुरात दिसत नाही, पण मोजलेलं हाताला लागतं. या सवयीमागे इंग्लंडातला एक अपघात आहे.

२२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. उड्डाणासाठी धावणाऱ्या बोइंग ७३७ च्या डाव्या इंजिनाने पेट घेतला. वैमानिकाने विमान जमिनीवरच थांबवलं. आत १३७ माणसं होती, त्यातली ५५ गेली, बहुतेक धुराने. म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातून लोकांना उतरता आलं नाही!

आता नियम असा, की निम्मी दारं बंद असली तरी सगळे ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत. तशा चाचण्या व्हायच्या. पण चाचणीतले लोक शहाण्यासारखे रांगेने उतरतात. जीव वाचवायला निघालेला माणूस रांग पाळत नाही.

क्रॅनफिल्डच्या मानसशास्त्रज्ञ हेलन म्यूर यांनी मग साधी युक्ती केली. पहिल्या निम्म्या लोकांना पाच पौंड जास्त! झालं, लोक खुर्च्यांवरून उड्या मारू लागले आणि अरुंद वाटेत बूच बसलं. वाट सुमारे ७५ सेंटिमीटर केल्यावर प्रवाह मोकळा झाला. मात्र अशा प्रयोगांत माणसं जखमी होऊ शकतात, आणि खरी आग तर लावताच येत नाही.

इथे संगणक आला. ग्रीनिच विद्यापीठात एड गॅलिया यांच्या गटाने 'एक्झोडस' हे प्रारूप बांधलं. जमिनीचे अर्ध्या मीटरचे चौकोन, एका चौकोनात एकच माणूस. प्रत्येकाचं वय, वेग, धीर वेगळा. वाट अडली तर तो दुसरं दार शोधतो. धूर वाढला की मंदावतो. गर्दीचं एकच मोठं समीकरण नाही. प्रत्येकाच्या छोट्या निर्णयांतून कोंडी आपोआप तयार होते.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण चेंगरून गेले, तेव्हा मला हे सगळं आठवलं. आपण लगेच म्हणतो, लोकांना शिस्त नाही. पण पाच पौंडांसाठी शिस्तप्रिय इंग्रजही खुर्च्यांवरून उड्या मारतो. दोष स्वभावात शोधत बसलो, तर जिना रुंद करायचा राहूनच जातो.

असो. पुढच्या वेळी विमानात बसाल, तेव्हा रांगा मोजा.