परतीचं भाडं

त्रिनिदादला पहिल्यांदा जाणारा मराठी माणूस क्वीन्स पार्क ओव्हलवर जातो, आणि जावंच. १९७१च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवलं ते याच मैदानावर. दिलीप सरदेसाईंचं शतक त्याच सामन्यातलं, सुनील गावसकरांचं पदार्पणही त्यातलंच. पुढच्या महिन्यात मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या, त्याही इथेच. आमच्या ह्यांना हे सगळे आकडे तोंडपाठ, त्यामुळे पहिल्या खेपेला आमची सुरुवात तिथूनच झाली. मग माराकासचा समुद्रकिनारा, कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी उतरणारे लालभडक पक्षी, आणि ला ब्रेआचा डांबराचा तलाव, जिथलं डांबर वॉल्टर रॅलेने १५९५मध्ये आपल्या जहाजांच्या फटी बुजवायला वापरलं होतं. लेक आणि जावई तिथे नोकरीला असल्यामुळे हिंडणं सोपं होतं.

पण त्या खेपेची माझ्या मनात राहिलेली गोष्ट लेकीच्या शेजारणीच्या ओट्यावरची. बाई वयाने माझ्याहून मोठ्या. दारात बांबूच्या काठ्यांना लाल, पिवळ्या झेंड्या लावलेल्या. पूजा झाली की तिथले हिंदू अशी झेंडी अंगणात उभी करतात. घरामागच्या कोकोच्या झाडांकडे हात करून त्या म्हणाल्या, "माझ्या आजाच्या बापाने परतीचं भाडं देऊन ही जमीन घेतली." मी इतिहास शिकवत आले, पण हे वाक्य मला नीट कळलं नाही. कुणाचं भाडं, कुणाला दिलं? पुढच्या खेपेला जायचं ठरलं तेव्हा मी लेकीला सांगून ठेवलं की या वेळी समुद्रकिनारे राहू देत, मला या परतीच्या भाड्यामागे हिंडायचं आहे. त्रिनिदादला दुसऱ्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी हीच वाट सुचवीन.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली १ ऑगस्ट १८३४ला. गुलामांना उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षं बांधून ठेवलं होतं, ते १८३८मध्ये पूर्ण सुटले. सुटलेली माणसं उसाच्या मळ्यांपासून शक्य तितकी लांब गेली. मळेवाल्यांना हात हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फॅटेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. तिथपासून १९१७पर्यंत सुमारे एक लाख ४४ हजार माणसं आली. शिडाच्या जहाजाने केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला तीन महिने लागत. माणसं बहुतेक बलिया, गोरखपूर, बस्ती, आझमगड, गाझीपूर, शहाबाद या भागांतली, थोडी मद्रासकडची. मुंबई इलाख्यातून, आपल्या कोकणातून गेलेल्यांची वाट वेगळी. ते मॉरिशसला गेले, आणि तिथे मराठी अजून आहे. त्रिनिदादमध्ये आपलं कुणी शोधायला जाऊ नये. पण या गोष्टीत एक कोकणातला माणूस आहे, त्याच्याकडे मी येतेच.

करार असा होता: पाच वर्षं नेमून दिलेल्या मळ्यावर काम. धडधाकट पुरुषाला दिवसाला २५ सेंट, अशक्ताला आणि बाईला १६. राहायला बराकीतली दहा फुटांची खोली, जिच्या मधल्या भिंती छपरापर्यंत पोचत नसत, म्हणजे शेजारच्या खोलीतला शब्दन् शब्द ऐकू येई. मळा सोडून बाहेर दिसायचं तर चिठ्ठी हवी, नाहीतर तुरुंग. कामात कसूर झाली तरी तुरुंग. नोकरीतल्या भांडणाला फौजदारी शिक्षा, हा या व्यवस्थेचा कणा होता.

आणि या सगळ्याच्या शेवटी एक वचन होतं: मुदत भरली की सरकारी खर्चाने मायदेशी परत. भरती करणारे अरकाटी गावोगाव फिरत, तेव्हा हे वचन त्यांना किती उपयोगी पडलं असेल! दुष्काळात होरपळलेल्या माणसाला, सासर सोडून तीर्थाच्या वाटेवर भटकणाऱ्या विधवेला 'कायमची जा' म्हटलं असतं तर ती निघाली नसती. 'पाच वर्षांनी परत ये' म्हटल्यावर निघाली.

मग वचन हळूहळू कातरलं गेलं. सुरुवातीला पाच वर्षांनी फुकट परतीचा प्रवास होता. १८५०च्या दशकात अट बदलली, आता बेटावर दहा वर्षं काढली तरच भाडं. पाच वर्षांचा करार संपताच पुन्हा पाच वर्षांसाठी बांधून घेतलंत तर रोख बक्षीस, हेही आमिष होतंच. १८९८पासून पुरुषाने निम्मं भाडं स्वतः भरायचं आणि बाईने एक तृतीयांश. २५ सेंट रोजावर चार माणसांच्या कुटुंबाने हे पैसे कुठून साठवायचे?

शेजारणीच्या ओट्यावरच्या वाक्याचा उलगडा १८६९मधला आहे. आर्थर गॉर्डन तेव्हा गव्हर्नर होते. सरकारने हिशेब केला, एका माणसाला कलकत्त्याला पोचवायला जितका खर्च येतो तितक्या किमतीची पडीक सरकारी जमीन देऊन टाकली तर माणूस इथेच राहील आणि सुगीत मळ्यांना मजूर मिळेल. परतीचा हक्क सोडा, दहा एकर घ्या. पुढे दहाचे पाच एकर आणि पाच पौंड झाले, आणि १८८०मध्ये ही सोयही बंद झाली. नंतर ज्यांना जमीन हवी त्यांनी विकत घेतली. नकाशा उघडलात तर त्या माणसांची खूण गावांच्या नावांत दिसते: कलकत्ता सेटलमेंट, मद्रास सेटलमेंट, बरकपूर, फैजाबाद, पाटणा, गोवळकोंडा, हिंदुस्तान. यांतल्या एखाद्या गावातून गाडी हळू चालवत न्यावी. आज तिथे ऊस दिसत नाही. सरकारी साखर कंपनी २००३मध्ये बंद झाली.

नेल्सन आयलंडला मात्र गेलंच पाहिजे. पारियाच्या आखातातलं हे लहानसं खडकाळ बेट. १८६६पासून १९१७पर्यंत जहाजातून उतरलेल्या माणसांना आधी इथे ठेवत, तपासत, आजाऱ्यांना वेगळं करत आणि मग मळ्यांवर वाटून देत. तिथली दगडी इमारत १८०२मधली, गुलामांनी बांधलेली. गुलामांनी बांधलेल्या छपराखाली करारबद्ध मजुरांची मोजदाद व्हावी, यापुढे मला वेगळं काही लिहावंसं वाटत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपातून पळून आलेल्या ज्यूंना इथे ठेवलं, कामगारनेते बटलर यांना इथेच डांबलं, आणि १९७०च्या ब्लॅक पॉवर चळवळीतल्या लोकांनाही. नॅशनल ट्रस्टच्या सहली तिथे जातात. आधी चौकशी करून ठेवावी, कारण बोट रोज नसते.

पोर्ट ऑफ स्पेन शहरात राष्ट्रीय अभिलेखागार आहे. आलेल्या मजुरांची रजिस्टरं तिथे आहेत, आणि २०११मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतीच्या यादीत घेतली. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, जिल्हा, ठाणं, गाव, अंगावरची खूण असा एकेकाचा तपशील. या कागदांच्या जोरावर अनेक कुटुंबांनी आपलं गाव शोधून काढलं. २०१०मध्ये पंतप्रधान झालेल्या कमला प्रसाद-बिसेसर २०१२च्या जानेवारीत बक्सर जिल्ह्यातल्या भेलुपूरला गेल्या, त्यांच्या पणजोबांच्या गावी. मला अशा शोधात रस आहे तो मोठ्या माणसांसाठी नाही. बराकीत ज्याला नंबराने हाक मारली त्याचं पूर्ण नाव आणि गाव एका वहीत शाबूत राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मोहरमच्या दिवसांत गेलात तर पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात राहा. रस्त्यांना कलकत्ता, मद्रास, दिल्ली, लखनौ, बॉम्बे अशी नावं आहेत. तिथला 'होसे' म्हणजे आपले ताबूत. बांबू आणि कागदाचे उंच ताजे, आणि समोर ताशे. कातडं ताणलं जावं म्हणून ताशे रस्त्याच्या कडेला जाळ करून शेकतात, अगदी जवळ उभं राहिलं की चेहऱ्यावर झळ येते. वाजवणाऱ्यांत मुसलमान, हिंदू, आफ्रिकी वंशाचे सगळे असतात. कोकणात आणि पुण्यात हिंदू ताबुतांत नाचत, खांदा देत, तो काळ ज्यांनी आजीकडून ऐकला आहे त्यांना इथे तो डोळ्यांनी बघता येतो. पण याच मिरवणुकीवर ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर गोळीबार झाला. मजुरांनी ताजे घेऊन शहरात यायचं नाही असा हुकूम होता. मजुरांनी अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि तरीही ते आले. डझनाहून अधिक माणसं मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. हुकूम मोडायला निघालेल्यांत हिंदूही होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: वर्षातला हा एक दिवस आमचा आहे.

वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ बहुतेक प्रवासी दहा मिनिटांत फोटो काढून सोडतात. तिथे ओहोटीपर्यंत थांबा. शिवदास साधू लहानपणी आईवडिलांबरोबर भारतातून आलेले, उसाच्या मळ्यावर राबलेले. मजुरीतून पैसे साठवून ते भारतात तीर्थयात्रेला अनेकदा जाऊन आले, म्हणजे परतीचं भाडं या माणसाने स्वतः भरलं, आणि दर वेळी परत त्रिनिदादलाच आला. १९४७मध्ये त्यांनी किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जागा साखर कंपनीची निघाली. १९५२मध्ये देऊळ पाडलं, साधूंना दंड झाला, १४ दिवसांचा तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्यांनी ठरवलं की जमीन कंपनीची असेल, समुद्र कुणाचा नाही. सायकलला बादली अडकवून दगड, सिमेंट नेत त्यांनी भरतीच्या पाण्यात भराव घातला आणि देऊळ उभं केलं. आयुष्याच्या शेवटापर्यंत ते त्याच कामात होते. आजची पक्की वास्तू १९९५ची, पहिल्या जहाजाला दीडशे वर्षं झाली त्या निमित्ताने सरकारने उभारलेली. ओहोटीला भोवतालचा चिखल उघडा पडतो आणि एकट्या माणसाने हे काम कसं ओढलं असेल याचा अंदाज येतो. शेजारीच स्मशान आहे, आणि जवळच भारतीय वंशाच्या लोकांनी उभारलेलं संग्रहालय.

जे परत गेले त्यांचं काय झालं? आलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक माणसं बेटावरच राहिली. परतलेल्यांतल्या काहींनी गाठीला पैसा नेला, जमिनी घेतल्या. पण अनेकांना गावाने घेतलं नाही. काळं पाणी ओलांडलेलं, बायको दुसऱ्या जातीची, मुलं परमुलखात जन्मलेली. प्रायश्चित्ताच्या जेवणावळींत साठवलेलं संपलं. १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये असे कितीतरी परतलेले लोक नदीकाठी दारिद्र्यात आणि तापात दिवस काढत होते आणि 'आम्हाला पुन्हा वसाहतीत पाठवा' म्हणून अर्ज करत होते. गांधीजी, सी. एफ. अँड्र्यूज, बनारसीदास चतुर्वेदी यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं. ज्या वचनावर माणसं जहाजात चढली ते पाळलं गेल्यावरही त्यांच्या वाट्याला हे आलं.

आता तो कोकणातला माणूस. मी गुहागरची. आमच्या तालुक्यातल्या कोतळूकला १८६६मध्ये गोपाळ कृष्ण गोखले जन्मले, म्हणजे नेल्सन आयलंडवर पहिली माणसं उतरवली त्याच वर्षी. १९१०मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव आणला, तो मान्य झाला आणि पुढच्या वर्षी ती भरती बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: त्रिनिदाद, गयाना, फिजी, कुठेच नको, ही पद्धतच बंद करा. ज्या कलकत्त्यातून जहाजं सुटत त्याच शहरात, आकडे मांडत, ते बोलले. अडाणी माणसाला न समजलेल्या करारात बांधणं, तो मोडला तर गुन्हेगार ठरवणं, शंभर पुरुषांमागे ४० बायका नेण्याच्या नियमातून झालेली बायकांची दुर्दशा, सगळं त्यांनी मांडलं. २२ सभासदांनी बाजूने मत दिलं. सरकारी बहुमताने ठराव पडला. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ला गेले. पुढच्या वर्षी पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला आणि सरकारने तो तत्त्वतः मान्य केला. शेवटचं जहाज 'गँजेस' त्रिनिदादला लागलं २२ एप्रिल १९१७ रोजी, आणि उरलेले करार १ जानेवारी १९२०ला रद्द झाले.

आपल्या वर्गांत गोखले शिकवले जातात ते गांधीजींचे गुरू, नेमस्तांचे पुढारी आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणणारे म्हणून. १९१२चं हे भाषण छापील मिळतं. इतिहासाच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, एक तास काढून ते मुलांना वाचून दाखवा. आणि ज्यांचं कुणी त्रिनिदादला आहे, ज्यांचं ओव्हल आणि माराकास पाहून झालं आहे, त्यांनी पुढच्या खेपेला नेल्सन आयलंडची बोट आधी ठरवावी, बाकीचं मग.