उतारावरचा लगाम

मी मराठी शाळेतला मास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. मोटारीच्या पोटातल्या गोष्टी सांगण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु चिंचवडात राहून मोटारीपासून अलिप्त राहणे म्हणजे पंढरपुरात राहून अभंग न ऐकण्यासारखे आहे! एका हाताला आकुर्डी, दुसऱ्या हाताला पिंपरी, इंद्रायणीपलीकडे चाकण. आमच्याकडे वरणभाताबरोबर गिअर आणि क्लचही पानात वाढले जातात.

गेल्या दिवाळीत भाच्याच्या मोटारीतून आम्ही पालीच्या बल्लाळेश्वराला निघालो. भाचा चाकणला नोकरीला, त्यामुळे सारथ्य त्याच्याकडे. मागे माझी आई, पत्नी आणि फराळाचे डबे. खंडाळा सोडून जुन्या रस्त्याने घाट उतरू लागलो, तोच समोर एक पिवळा दिवा लागला. भाच्याने ब्रेक दाबला, तर पायाखाली पट्टी थरथरू लागली आणि गाडी रुकायला हवी तितकी रुकेना. पुढे त्याने जरा वेग दिला, तर इंजीन सुस्कारा टाकून मंदावले. वळण सरले आणि सारे पूर्ववत! आईने गणपतीचा धावा सुरू केला.

"मामा, काही नाही हो," भाचा म्हणाला, "फ्यूज काढला की दिवा विझेल."

मी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली. ती थांबली तेथून शिंग्रोबाचे देऊळ जवळच होते. तेथे बसलो असताना या घाटाचा सारा इतिहास मनात जागा झाला.

लोक सांगतात, की गोऱ्या साहेबांना घाटाची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून ती दाखवली; आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. कथा कागदोपत्री नसेल, पण जुन्या रस्त्याने जाणारा ड्रायव्हर आजही तेथे नाणे टाकतो. घाट ठाऊक असलेल्या माणसाला दिलेला तो मान आहे.

बोरघाटातून गाडीरस्ता १८३० च्या नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. त्या काळी उतारावर बैलगाडीचा लगाम म्हणजे चाकाला लावलेली उटी, मागे बांधलेला ओंडका आणि गाडीवानाचा कान. चाक कुरकुरले की तो थांबे, उतरून पाही, मगच पुढे जाई.

पुढे आगगाडी आली. जेम्स बर्कले या इंजिनिअराने आखलेला हा लोहमार्ग १८६३ च्या एप्रिलात सुरू झाला. सुमारे १६ मैलांत १८३१ फूट चढण. कुठे कुठे दर ३७ फुटांना एक फूट. यातले पुष्कळसे काम सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराकडे होते. १८५९ मध्ये तो येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट तडीस नेले. डोंगर फोडताना अपघातांनी आणि पटकीने किती मजूर गेले, त्यांची नावे मात्र कुठल्याही शिळेवर नाहीत.

गाडी वर चढवणे अवघड खरे, पण इंजिनिअरांची झोप उडवली ती उताराने. तेव्हा ब्रेक हाताने फिरवायचे असत. म्हणून उतारावर ठराविक ठिकाणी मुख्य रुळापासून फुटून चढाकडे जाणारे फाटे ठेवले. त्यांतली युक्ती पाहा! सांधा नेहमी फाट्याकडेच वळवलेला. ड्रायव्हरने आधी गाडी थांबवून दाखवायची. मग सांधेवाला मुख्य मार्ग खुला करणार. ब्रेक ठीक आहे, असे गृहीतच धरायचे नाही. तो बिघडला आहे असे मानायचे आणि नाही हे सिद्ध करायला लावायचे. गाडी हाताबाहेर गेलीच, तर ती फाट्यावर चढून आपोआप दमते.

१९२९ च्या सुमारास घाटात वीज आली, आणि तिच्याबरोबर लांबुडकी, सांधेदार इंजिने. त्यांच्या हलत्या दांड्यांमुळे आणि कण्हण्यामुळे त्यांना 'खेकडा' म्हणत. उतारावर या खेकड्याची मोटर उलट वीज निर्माण करी आणि गाडीचा वेग आवरी. उताराची ताकद कुठेतरी जायलाच हवी. ती चाकाच्या लोखंडात उष्णता होऊन साठण्याऐवजी तारेत परत गेली.

ही उष्णता म्हणजे केवढी, हे गृहिणींना चटकन कळेल. बाराशे किलोची मोटार खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे पाचशे मीटर उतरते. तेवढी सगळी ताकद ब्रेकने गिळली, तर अभ्यंगस्नानाची एक मोठी बादली उकळेल! म्हणून जाणता ड्रायव्हर खालच्या गिअरात उतरतो, निम्मा भार इंजिनावर टाकतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा मालमोटारवाला ती सारी बादली ब्रेकच्या अंगावर ओततो, आणि मग पट्टी पोकळ लागते.

१९७८ मध्ये जर्मनीत बॉश आणि मर्सिडीज यांनी चाक जाम होऊ न देणारी विजेची यंत्रणा मोटारीत आणली. २०१९ पासून आपल्याकडे ती मोटारींना सक्तीची झाली. प्रत्येक चाकाजवळ एक टेहळ्या बसतो आणि चाकाचा वेग मोजतो. चाक जाम होते आहे असे वाटले, की त्याचा ब्रेक क्षणभर सैल सोडतो. घसरून फिरते आहे असे वाटले, की इंजीन मंदावतो.

आमच्या गाडीत हाच टेहळ्या खोटे बोलत होता काय? सावकाश घरी परतल्यावर भाच्याने गाडी चिंचवड ते चाकण पळवून पाहिली. दिवा लागला नाही. एका गॅरेजात टेहळ्या बदलला. पुढच्या घाटात दिवा पुन्हा हजर! शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या वस्तादाकडे नेली. त्याने यंत्र लावण्याआधी एकच विचारले, "गुरुजी, कुठल्या वळणाला?"

मला आठवले. डाव्या. दर वेळी डाव्याच!

"मग भार उजव्या चाकावर पडतो." त्याने गाडी उचलली, उजवे पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून हलवले, आणि ते किंचित खुळखुळले. बेअरिंग झिजले होते. सरळ रस्त्यावर ते निमूट राही. वळणावर भार आला की चाक केसभर कलंडे, टेहळ्याला ते नीट दिसेनासे होई, आणि चाक थांबले असे समजून तो चांगला ब्रेक सोडून देई. टेहळ्या खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे दिसत होते, तेवढेच सांगत होता.

"फ्यूज काढला असता तर?" भाच्याने हळूच विचारले.

"दिवा विझला असता," वस्ताद हात पुसत म्हणाला. "बेअरिंग झिजतच राहिले असते. मग एखाद्या घाटात चाकानेच सांगितले असते."

यंदा त्याच गाडीने पालीला जायचे ठरले आहे. आईने मात्र एक अट घातली आहे : शिंग्रोबाशी गाडी थांबवायची, नाणे टाकायचे, आणि भाच्याने ब्रेक एकदा दाबून दाखवायचा. सांधेवाल्याचा जुना नियम तिला कुणी शिकवला, कोण जाणे!