वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज : साथीच्या काळात

डॉक्टरांनी थांबायला सांगितले असताना रुग्णाने किंवा नातेवाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णालय सोडणे. दवाखान्यांत याला ‘डामा’ किंवा ‘लामा’ म्हणतात. केसपेपरवर निदान, समजावून सांगितलेला धोका आणि वेळ लिहून सही घेतली जाते. एरवी शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाला हा हक्क आहे. साथीत मात्र त्याच्या घरी जाण्याने शेजारपाजारचेही धोक्यात येतात, आणि हक्काची गाठ सक्तीशी पडते.

पूर्वपीठिका. 1896 च्या प्लेगात मुंबईत रुग्णांना सक्तीने आर्थर रोड रुग्णालयात हलवू लागले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती पसरली आणि 29 ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार रुग्णालयावर चालून गेले. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या काळात झालेल्या घरझडत्या आणि चापेकर बंधूंनी त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या सर्वश्रुत आहेत.

  

कलबुर्गी, 2020. कर्नाटकातले तपशीलवार नोंदलेले प्रकरण हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या निवेदनात ते दिवसवार दिले आहे. सौदी अरेबियाहून 29 फेब्रुवारीला परतलेल्या 76 वर्षांच्या गृहस्थांना 6 मार्चला त्रास सुरू झाला. आधी डॉक्टरांनी घरीच उपचार केले. 9 मार्चला त्यांना कलबुर्गीतल्या खासगी रुग्णालयात नेले. विषाणूजन्य न्यूमोनिया आणि कोविडचा संशय, असे प्राथमिक निदान झाले; नमुना तपासणीसाठी बंगळुरूला गेला. अहवालाची वाट न पाहता नातेवाइकांनी आग्रहाने डिस्चार्ज घेतला. सरकारी रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात दाखल करा, अशी विनवणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी केली, ती मानली गेली नाही. रुग्णाला हैदराबादच्या खासगी रुग्णालयात नेले. तिथून कलबुर्गीला परत आणताना वाटेतच 10 मार्चला मृत्यू झाला. 12 मार्चला अहवाल पॉझिटिव्ह आला : भारतातला कोविडचा पहिला मृत्यू. पुढे त्यांच्या मुलीला आणि घरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही लागण झाल्याचे निष्पन्न झाले.

या कुटुंबावर बेजबाबदारपणाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. गंभीर रुग्णाला सोलापूर किंवा हैदराबादला हलवणे ही त्या भागातली जुनी रीत. म्हाताऱ्या माणसाला दम लागल्यावर घरच्यांनी तीच धरली. आजार डॉक्टरांनाही नवा होता. अहवाल हाती नसताना विलगीकरणाची गरज कोणी, कोणत्या शब्दांत समजावली, हे निवेदनात येत नाही. आणि अशा प्रसंगी निर्णय या समजावण्यावरच फिरतो.

कायदा. कर्नाटकाने 11 मार्च 2020 ला, म्हणजे या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, साथरोग कायद्याखाली कोविड नियम लागू केले. दाखल व्हायला नकार देणाऱ्या संशयिताला सक्तीने ठेवण्याचा अधिकार त्यांतून प्रशासनाला मिळाला.

इतर प्रसंग. मार्च 2020 मध्ये नागपूरच्या मेयो रुग्णालयातून पाच संशयित निघून गेले. पोलिसांनी त्यांचा माग काढला. त्यांतल्या एकाची चाचणी आधीच निगेटिव्ह आली होती. जुलै 2020 मध्ये बंगळुरू महापालिकेला 3,338 बाधितांचा पत्ता लागत नव्हता. चुकीचे फोन नंबर आणि पत्ते हे त्याचे कारण सांगितले गेले, तेव्हा ही संख्या डामामध्ये धरता येत नाही.