पर्थ ते कोगाला : दोन सूर्योदयांचे उड्डाण

१/ मार्च २०१८ मध्ये क्वांटास कंपनीचे विमान पर्थहून निघाले आणि वाटेत कोठेही न थांबता लंडनला उतरले. अंतर १४,४९८ किलोमीटर, वेळ सुमारे सतरा तास. जगभर त्याचे कौतुक झाले. परंतु याच कंपनीची विमाने पाऊणशे वर्षांपूर्वी याच पर्थहून सुटत, तेव्हा याच्या निम्म्याहूनही कमी अंतरासाठी ती सत्तावीस ते बत्तीस तास आकाशात असत.

२/ १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. पाठोपाठ डच ईस्ट इंडीजही जपानच्या हाती गेले आणि ऑस्ट्रेलियाला भारतमार्गे इंग्लंडशी जोडणारा हवाई मार्ग मधोमध तुटला. उरला तो उघडा हिंदी महासागर. पलीकडचा काठ म्हणजे सिलोन. गॉलजवळचे कोगाला सरोवर. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर.

३/ हे अंतर कापण्यासाठी निवडली गेली कॅटालिना ही पाण्यावर उतरणारी विमाने. ताशी वेग जेमतेम २०० किलोमीटर. आजच्या हिशेबाने बैलगाडीच म्हणावी! मात्र पल्ला विलक्षण. अर्थात तो पल्ला गाठायचा तर विमान इंधनानेच भरावे लागे. मग जागा उरे ती तीन प्रवासी आणि ६९ किलो टपालापुरती. सुरुवातीचे कित्येक तास विमान इतके जड असे की एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्याच्या बळावर उंची टिकवणे अशक्य. शस्त्र एकही नाही. जपानी टेहळणीच्या टापूतून जायचे ते रात्रीच्या अंधारात, बिनतारी यंत्र मूक ठेवून.

४/ मग दिशा कशी कळावी? ताऱ्यांवरून. पाचही विमानांना नावेही ताऱ्यांचीच होती : अल्टेअर, व्हेगा, स्पायका, अँटारेस आणि रायगेल. आपल्या पंचांगाच्या भाषेत पहिले चार म्हणजे श्रवण, अभिजित, चित्रा आणि ज्येष्ठा. खलाशांची ही जुनी विद्या येथे वैमानिकांच्या कामी आली.

५/ पहिली नियमित फेरी कॅप्टन रसेल टॅप यांनी १९४३ च्या उन्हाळ्यात (तिकडे अर्थातच हिवाळा होता) पार पाडली. एकाच उड्डाणात दोनदा सूर्य उगवताना दिसे. म्हणून प्रवाशांना ‘सिक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ असे प्रमाणपत्र मिळे. सर्वांत लांबलेली फेरी ३२ तास ९ मिनिटांची. विमानाच्या प्रवासी उड्डाणात, न थांबता, इतका वेळ आजवर कोणी हवेत राहिलेले नाही. २०१८ च्या विमानाने अंतर जिंकले. वेळेचा मान या संथ कॅटालिनांकडेच राहिला.

६/ जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावले नाही, एकही प्रवासी दगावला नाही. शत्रूच्या टापूतून, निःशस्त्र आणि मूक अवस्थेत केलेल्या प्रवासाचा हा हिशेब आहे. युद्धाच्या इतिहासात त्याला मिळालेली जागा मला तरी फार अपुरी वाटते.

७/ या विमानांचे पुढे काय झाले? ती अमेरिकेकडून उसनवार-पट्टा करारान्वये आलेली होती. युद्ध संपल्यावर त्या कराराच्या अटींनुसार ती वापरातून काढून नष्ट करणे भाग होते. चार विमाने पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटाजवळ आणि पाचवे सिडनीबाहेरच्या समुद्रात बुडवण्यात आले.