कर्जाला उठाव नाही, की बँकेला बळ नाही?

मंदीत कर्जवाटप घटले की बँकेचे अधिकारी म्हणतात, कर्जाला उठावच नाही. कारखानदार म्हणतात, बँकच हात आखडता घेते. यात खरे कोणाचे, हे शोधण्यातून बँकेचे भांडवल आणि कर्जपुरवठा यांच्या संबंधाचे अभ्यासक्षेत्र उभे राहिले. त्यात पाऊल टाकायला शेकडेवारीचे गणित पुरते.

भारतात बँकेला जोखीमभारित मालमत्तेच्या, म्हणजे जोखमीनुसार कमीजास्त भार देऊन मोजलेल्या कर्जे-गुंतवणुकींच्या, किमान 9 टक्के भांडवल राखावे लागते. समजा, एका बँकेकडे 9 कोटींचे भांडवल आहे आणि पूर्ण जोखीमभाराची 100 कोटींची कर्जे आहेत. त्यातले 1 कोटी बुडाले की भांडवल 8 कोटींवर येते आणि त्यावर जेमतेम 89 कोटींची कर्जे पेलतात. म्हणजे आणखी 10 कोटींची कर्जे कमी करा, नाहीतर नवे भांडवल आणा. संकटात ते सहसा कोणी देत नाही. ठेवीदारांच्या सुरक्षिततेसाठी केलेला नियम ऐन अडचणीत कर्जदाराला जाचतो तो असा.

पण हे सिद्ध कसे करायचे? मंदीत कर्ज मागणारेही कमी होतातच. यावर अर्थशास्त्रज्ञ जो पीक आणि एरिक रोझेनग्रेन यांनी 1997 च्या निबंधात काढलेली वाट मला आजही थक्क करते. बँकांच्या भांडवलाविषयीच्या 1988 च्या आंतरराष्ट्रीय बाझल करारामुळे जपानी बँकांना शेअरवरच्या न वटवलेल्या नफ्याचा 45 टक्के भाग भांडवलात धरता येई. 1990 पासून टोकियोचा शेअर बाजार कोसळला, भांडवल आटले आणि या बँकांच्या अमेरिकेतल्या शाखांनी तिथली कर्जे कमी केली. टोकियोतल्या पडझडीत अमेरिकी कर्जदारांचा काहीच हात नव्हता. उठाव नव्हता, ही सबब इथे टिकत नाही.

आपल्याकडे पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र जून 2017 ते जानेवारी 2019 रिझर्व्ह बँकेच्या त्वरित सुधारात्मक कारवाईखाली, म्हणजे कमकुवत बँकेवर घातल्या जाणाऱ्या निर्बंधांखाली, होती. अशा निर्बंधांनाच दोष देणे मला पटत नाही. बुडीत कर्जे झाकून नवी कर्जे देणारी बँक अधिक घातक. खरी चूक सुगीच्या काळात होते. तेव्हा जादा भांडवल साठवावे म्हणून पुढच्या बाझल 3 कराराने 2.5 टक्क्यांपर्यंतची तरतूद सुचवली. रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये तिची चौकट आखली, पण ती अजून लागू केलेली नाही.

नव्या अभ्यासकांनी आपल्याकडच्या या निर्बंधांपासूनच सुरुवात करावी. रिझर्व्ह बँक जिल्हावार कर्जांचे आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध करते. निर्बंधाखालच्या बँकांच्या शाखा ज्या जिल्ह्यांत जास्त होत्या, त्यांची शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करून पाहा.